ओरडणारा एक, दुखणारा दुसरा

जुन्या गाडीचा क्लच आवाज करू लागला की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "क्लचप्लेट गेली का?" माझ्या अनुभवात बहुतेक वेळा प्लेट शाबूत असते. प्लेट संपत आली की गाडी ते वेगळ्या तऱ्हेने कळवते. चढावर इंजिनाचा वेग वाढतो, गाडीचा वाढत नाही आणि करपल्याचा वास येऊ लागतो. आवाज हे निराळं प्रकरण आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या त्या कवचात चार-पाच वस्तू अशा असतात, की त्या कधी एकमेकींबरोबर फिरतात आणि कधी एकमेकींवर घासतात. कोणती वस्तू कधी फिरते आणि कधी थांबते हे ज्याला पाठ आहे, त्याला गाडी न उघडता आवाजाचा पत्ता लागतो. ज्याला ते पाठ नाही, तो इंजिन उतरवतो, समोर दिसेल ते बदलतो आणि नशिबावर हवाला ठेवतो.

पुण्यात माझं छोटं गॅरेज आहे. ॲम्बेसेडर आणि फियाटवर हात बसला. पुढे जुन्या गाड्यांचीच कामं येऊ लागली आणि मीही तीच मनापासून घेऊ लागलो. त्यातल्या एका क्लचची ही हकिकत. या कामाने मला जे पक्कं शिकवलं ते पुढच्या प्रत्येक गाडीत उपयोगी पडलं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

गाडी होती मॉरिस मायनर, १९५४ ची सिरीज टू. सर अॅलेक इसिगोनिस यांनी बेतलेली ही मोटार १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तिला 'बेबी हिंदुस्तान' या नावाने विकलं. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या १९५२ मध्ये एकत्र आल्यावर मायनरमध्ये ऑस्टिनचं 'ए सिरीज' इंजिन बसू लागलं. सिरीज टूमधलं इंजिन ८०३ सीसीचं, जेमतेम तीस अश्वशक्तीचं. क्लचप्लेटचा व्यास सव्वासहा इंच. चार गिअर, त्यातल्या पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडताना दात्यांचे वेग जुळवून घेणारी सोय, नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक. वडिलांनी घेतलेली गाडी त्यांनी निगुतीने सांभाळली होती. त्यांनी तक्रार सांगितली ती अशी : "पहिला आणि रिव्हर्स पडताना दाते वाजायचे म्हणून एका ठिकाणी काम केलं. नवी प्लेट टाकली, कार्बनही नवा टाकला. थोडे दिवस बरं गेलं. आता दाते पुन्हा वाजतात आणि शिवाय पेडलवर पाय ठेवला की किंचाळते." ज्यांनी आधी काम केलं त्यांनी पुन्हा प्लेट बदलायला सांगितली होती. प्लेट तर नवीच होती. सरांना ते पटलं नाही, म्हणून गाडी माझ्याकडे आली.

क्लचच्या आवाजासाठी मी चार पायऱ्यांची तपासणी करतो. तिला एक पानाही लागत नाही. लागतो तो पाय, कान आणि शांत जागा. म्हणून ही तपासणी मी सकाळी, शेजारचा कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आत करतो.

पहिली पायरी इंजिन बंद ठेवून. पेडल हळूहळू दाबायचं आणि सोडायचं. किरकिर इथेच ऐकू आली तर ती क्लचच्या आतली नाही. पेडलची धुरी, दांडे, स्प्रिंग यांची आहे. मायनरमध्ये पेडलची धुरी तळाच्या पत्र्याखाली, चॅसिसच्या बाजूच्या पोकळ तुळईत असते. तिथून जोर दांड्याने रिले शाफ्टकडे आणि पुढे गिअरबॉक्सच्या फोर्ककडे जातो. सगळी यंत्रणा रस्त्याच्या चिखलपाण्याच्या वाटेत. सरांच्या गाडीत इथे किंचित करकर होती आणि रिले शाफ्ट हाताने हलवला की त्याच्या बुशांमध्ये ढिलेपणा स्पष्ट जाणवत होता. हे मी टिपून ठेवलं.

दुसरी पायरी : इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलपासून लांब. आता क्लचप्लेट इंजिनाबरोबर फिरते, तिच्यासोबत गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट आणि खालचा लेशाफ्टही फिरतो. या स्थितीत घरघर असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये शोधावा, कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. सरांच्या गाडीत घरघर नव्हती. मात्र एक बारीक, कोरडी सळसळ सतत येत होती. मी पेडल खालून बोटांनी थोडं वर उचलून धरलं. सळसळ थांबली. सोडलं, पुन्हा सुरू झाली. अर्थ सरळ होता : पाय पेडलवर नसतानाही कार्बन फिरत्या भागाला टेकलेला होता.

कार्बन म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. आजच्या गाड्यांत क्लच सोडवायला गोळ्यांचं बेअरिंग असतं. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत त्याजागी ग्राफाइटची कडी असे, लोखंडी वाटीत घट्ट बसवलेली. तिच्यात गोळ्या नाहीत, ग्रीस नाही. ती फिरतही नाही. पेडल दाबलं की ती पुढे सरकते आणि फिरणाऱ्या पोलादी थ्रस्ट प्लेटवर टेकते. ग्राफाइट स्वतःच निसरडं असल्यामुळे तेवढं घासणं ती सोसते. पण ती बनलेली आहे क्षणभराच्या स्पर्शासाठी. गिअर बदलायचा, पाय काढायचा. सतत टेकून राहिली तर ती तापते, झिजत जाते आणि शेवटी वाटीचं लोखंड पोलादावर घासू लागतं. म्हणूनच पेडलला सुरुवातीला मोकळी चाल ठेवतात. मायनरमध्ये ती पेडलच्या टोकाशी पाऊण इंच हवी. सरांच्या गाडीत ती उरलीच नव्हती.

तिसरी पायरी : पेडल हलकेच दाबायचं, क्लच सुटायच्या कितीतरी आधी थांबायचं. या वेळी नव्याने काही घडत असेल तर ते एकच : कार्बनवरचा दाब वाढतो. सळसळीची किंचाळी झाली. म्हणजे कार्बन गेला, याबद्दल शंका उरली नाही. घाईच्या दिवशी तपासणी इथेच संपते. आवाज सापडला, पार्ट सापडला, इंजिन उतरवा. पण पहिल्या तक्रारीचं उत्तर यात मिळत नव्हतं. दाते वाजत होते ते नवा कार्बन टाकण्याच्या, आवाज सुरू होण्याच्याही आधीपासून.

म्हणून चौथी पायरी. हँडब्रेक ओढला, चाकांना लाकडी ठोकळे लावले, पेडल तळापर्यंत दाबून गाडी गिअरमध्ये टाकली. आता इंजिन, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट फिरतात. गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट मात्र चाकांशी जखडलेला, म्हणून स्थिर. या शाफ्टचं पुढचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या तोंडातल्या एका छोट्या ब्राँझ बुशात टेकलेलं असतं. त्या बुशात आणि शाफ्टच्या टोकात घासणं होतं ते याच वेळी, इतर वेळी दोन्ही एकाच वेगाने फिरतात. कार्बनच्या किंचाळीखाली मला एक खोल, जड कण्हणं ऐकू आलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक क्लचच्या कवचाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली, तेव्हा ते अधिक स्वच्छ झालं. मग पेडल तसंच दाबून धरून गिअर न्यूट्रलमध्ये आणला. कण्हणं जवळजवळ नाहीसं झालं.

हा फरक फार बोलका होता. पेडल दाबलेलं, गिअर न्यूट्रल, म्हणजे पहिला शाफ्ट मोकळा. बुश ठीक असता तर शाफ्ट थोड्या वेळात थांबला असता. इथे तो थांबत नव्हता. कोरडा पडलेला बुश त्याला पकडून इंजिनाबरोबर फिरवत होता, म्हणून घासणं नव्हतं आणि आवाजही नव्हता. खात्रीसाठी पेडल दाबून काही सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकायला गेलो. दाते वाजलेच. फिरत्या दात्यावर स्थिर दाता टाकल्यावर दुसरं काय होणार? रिव्हर्सला आणि पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हणून तक्रार याच दोन गिअरांची होती.

आता सगळी साखळी उलगडली. क्रँकशाफ्टमधला बुश कोरडा पडला. त्यामुळे पेडल दाबूनही शाफ्ट फिरत राहिला आणि दाते वाजू लागले. दाते वाजतात म्हणजे क्लच पुरता सुटत नाही, असा अर्थ लावला गेला. रिले शाफ्टचे बुश झिजल्याने पेडलची बरीचशी हालचाल वाटेतच वाया जात होती, त्यामुळे तो अर्थ खराही वाटला असेल. क्लच जास्त सुटावा म्हणून दांडा आवळत नेला आणि मोकळी चाल संपवली. चाल संपल्यामुळे नवा कार्बन पहिल्या दिवसापासून टेकलेला राहिला. टेकून राहिला म्हणून झिजला, झिजला म्हणून किंचाळू लागला. ओरडत होता कार्बन. मूळ दुखणं होतं अंगठ्याएवढ्या बुशाचं. त्याला आधीच्या कामात कोणी हात लावला नव्हता.

सरांना मी गाडीशेजारी बसवून चारही पायऱ्या पुन्हा करून ऐकवल्या. त्यांनी कण्हणं ऐकलं, न्यूट्रलमधली शांतता ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे मागच्या वेळी उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकला होता." शिक्षकाने एका वाक्यात सांगितलं ते मला इतकी वर्षं नीट मांडता आलं नव्हतं.

मग उघडण्याचं काम. मायनरचा क्लच गाठायला इंजिन पुढे काढणं मला सोयीचं वाटतं. बॅटरी आधी सोडवायची; या गाड्यांत बॅटरीची धन बाजू चॅसिसला जोडलेली असते, हे नव्या पोरांना मुद्दाम दाखवावं लागतं. रेडिएटर, नळ्या, तारा, सायलेन्सरचा पाइप सोडवून इंजिन चेन ब्लॉकवर घेतलं, गिअरबॉक्सखाली जॅक लावला. इंजिन सरळ रेषेत पुढे ओढायचं असतं. तिरकं झालं किंवा त्याचं वजन प्लेटच्या मधल्या दातेरी भोकावर लटकलं, तर नवी प्लेटसुद्धा वाकते.

कवच उघडल्यावर आतल्या काळ्या धुळीला हवेचा झोत मारायचा नाही, हा माझ्याकडे कडक नियम आहे. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. मास्क लावायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. माझ्या आधीच्या पिढीतल्या कारागिरांनी ही धूळ तोंडाने फुंकर मारून उडवली आहे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला माहीत आहे, तेव्हा आपण सांगायलाच हवं.

आत जे दिसलं ते ऐकल्याप्रमाणेच होतं. प्लेट चांगली. कार्बन वाटीच्या कडेपर्यंत गेलेला आणि एका बाजूला जास्त झिजलेला. एका बाजूची झीज दिसली की दोन गोष्टी बघायच्या : प्रेशर प्लेटचे तीनही लिव्हर एका उंचीवर आहेत का आणि फोर्क आपल्या पिनवर डुलतो आहे का. लिव्हर सारखे होते. फोर्कच्या पिनचा बुश मात्र लंबगोल झाला होता, त्यामुळे कार्बन तिरका टेकत होता. थ्रस्ट प्लेटवर चरे पडले होते, तीही बदलावी लागली. क्रँकशाफ्टमधला बुश कोरडा, आतून करपलेला आणि शाफ्टच्या टोकावर त्याच्या ब्राँझचे पिवळे ओरखडे.

हा बुश बाहेर काढायची जुनी युक्ती मला आजही आवडते. मागून ठोकायला जागा नसते. म्हणून बुशाच्या भोकात ग्रीस ठासून भरायचं, त्यात घट्ट बसेल असा गुळगुळीत पोलादी दांडा घालायचा आणि हातोडीने ठोकायचं. ग्रीस दाबून आकसत नाही; त्याला जायला वाट उरत नाही, म्हणून ते बुशाच्या मागे शिरून त्याला बाहेर ढकलतं. काही ठोक्यांत बुश हातात येतो आणि क्रँकशाफ्टला ओरखडाही पडत नाही.

नवा बुश लेथवर साध्या ब्राँझमधून काढून द्यायला एक जण तयार होता, त्याचं कामही चोख असतं. मी नको म्हटलं. या जागी धातूची भुकटी दाबून आणि भाजून केलेला सच्छिद्र ब्राँझ लागतो. त्याच्या छिद्रांत तेल मुरून राहतं आणि घासण्याची ऊब लागली की ते पृष्ठभागावर येतं. एकदा इंजिन आणि गिअरबॉक्स जुळले की या बुशाला कुठूनही तेल देता येत नाही, म्हणून आयुष्यभराचं तेल त्याने सोबत न्यावं लागतं. आतून लेथ फिरवला तर ती छिद्रं बुजतात. योग्य मापाचा बुश आणि कार्बन मी ब्रिटनहून मागवला. मायनरचे सुटे भाग तिथे अजून बनतात आणि मिळतात. बसवण्याआधी बुशात तेल मुरवायचं. बुशाचं एक तोंड अंगठ्यावर टेकवायचं, आत इंजिन ऑइल भरायचं, दुसरं तोंड बोटाने बंद करून दाबायचं. थोड्या वेळात बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब घामासारखे उमटतात. तो घाम दिसला की बुश तयार.

प्लेट बसवताना ती नेमकी मध्यभागी यावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. जुना शाफ्ट मिळाला तर उत्तम. माझ्याकडे एका कातारी कारागिराने कातून दिलेला शिसवी दांडा आहे, मायनरच्या मापाचा. प्लेटवरची 'फ्लायव्हील साइड' ही खूण बघून ती लावली, दांडा घातला, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. फोर्कचा बुश आणि रिले शाफ्टचे दोन्ही बुश नवे केले. कार्बनला तेल किंवा ग्रीस अजिबात लावलं नाही. आवाज दाबायला काही जण कवचाच्या खिडकीतून तेल सोडतात. ते तेल उडून प्लेटवर जातं आणि आवाजाऐवजी घसरणारा क्लच पदरी पडतो.

सगळं जुळल्यावर शेवटी पेडलची मोकळी चाल पाऊण इंचावर आणली. हे काम काही मिनिटांचं. पण आधीच्या कामात हेच उलट झालं होतं आणि नव्या कार्बनचं आयुष्य त्यातच गेलं होतं.

चारही पायऱ्या पुन्हा केल्या. पाय लांब असताना शांत. पेडल टेकताच कार्बनचा अगदी पुसट स्पर्श, तो असतोच. पेडल तळाला, क्षणभर थांबून रिव्हर्स : गिअर आवाज न करता पडला. मग सर आणि मी गाडी जुन्या कात्रज घाटात नेली. वळणावळणाला गिअर बदलावा लागतो, अर्ध्या चढावर थांबून पुन्हा निघावं लागतं. क्लचची परीक्षा घ्यायला याहून चांगला रस्ता पुण्याजवळ नाही. परत येताना सरांनीच गाडी चालवली.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं. आवाज करणारा पार्ट हा अनेकदा साक्षीदार असतो. त्यालाच आरोपी समजून बदललं की खटला मिटल्यासारखा वाटतो, मिटत मात्र नाही. झिजलेल्या प्रत्येक वस्तूसाठी 'ही एवढ्यात का झिजली?' असं विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी जोडू नये. जुन्या गाडीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. तिच्यात एकेक भाग वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळात बदललेला असतो आणि एका दुरुस्तीचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी उगवतो. शिवाय या गाड्या पुन्हा बनणार नाहीत. प्रत्येक अनावश्यक उघडझाप एखादा आटा, एखादं भोक, एखादा मूळ बोल्ट घेऊन जाते.

गाडीमालकांना माझी विनंती आहे. जुनी गाडी चालवताना डावा पाय क्लचच्या पेडलवर विसावू देऊ नका. सिग्नलला पेडल दाबून उभे राहू नका, न्यूट्रल करा आणि पाय काढा. पेडलची मोकळी चाल अधूनमधून स्वतः हाताने तपासा, त्याला कौशल्य लागत नाही. बिल घेताना काय बदललं याबरोबर ते का झिजलं हेही विचारा. चांगला मिस्त्री त्या प्रश्नाने रागावत नाही. आणि या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना सांगणं एवढंच, की पाना उचलण्याआधी चारही पायऱ्या करा, नीट ऐका आणि जे ऐकलं ते कागदावर लिहा. उघडल्यावर त्या कागदाशी ताडून बघा. कान असेच तयार होतात.